पाण्याकाठचा फ्लॅट घेताना आधी तळघर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या गोदीच्या जागेवर, साधारण 180 मीटर रुंदीच्या खाडीकाठी, तीन टॉवरांचा नवा प्रकल्प उभा राहतोय. 14व्या मजल्यावर एकाच मापाचे दोन फ्लॅट तुम्ही पाहिलेत. एकाचं तोंड पाण्याकडे, दुसऱ्याचं शहराकडे. पाण्याकडचा 28 टक्क्यांनी महाग. एवढा फरक देणं शहाणपणाचं आहे का, आणि पंधरा-वीस वर्षांनी विकायची वेळ आली तर तो परत मिळेल का?

मी संरचना अभियंता आहे. निम्मी कारकीर्द पाण्याकाठच्या इमारतींची गणितं मांडण्यात गेली आणि उरलेली त्यांच्या दुरुस्त्यांत. दुरुस्त्यांनी जास्त शिकवलं. त्यामुळे माझी बघायची रीत उलटी आहे. घर घेणारा माणूस आधी वरच्या गॅलरीत जाऊन उभा राहतो, मी आधी तळघरात उतरते. वरून दिसणारं पाणी सगळ्यांनाच दिसतं, म्हणून बाजार त्याचा भाव बऱ्यापैकी बरोबर लावतो. जमीन, पाणी आणि इमारत खाली जिथे भेटतात तिथे काय करून ठेवलंय हे फार थोडे लोक बघतात, आणि पुढच्या वीस वर्षांचा खर्च तिथेच ठरतो.

जुनी गोदी म्हणजे बहुतेक वेळा भरावाची जमीन. खाली गाळ, चिकणमाती, त्यावर कधीतरी टाकलेली माती आणि राडारोडा. या चिकणमातीतून पाणी फार सावकाश पिळून निघतं आणि तसतशी जमीन बसत जाते. हे काम वर्षानुवर्षं चालतं. टॉवर पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर, उभा असतो, त्याच्या पाइल खडकात रुतलेल्या असतील तर तो जागचा हलत नाही. पण त्याच्या भोवतीचा रस्ता, बाग, गटार आणि पाण्याच्या वाहिन्या यांना कोणी पाइल दिलेल्या नसतात. एका इमारतीत मी गळतीच्या तक्रारीसाठी गेले होते. मूळ नकाशात प्रवेशद्वाराला तीन पायऱ्या होत्या, प्रत्यक्षात पाच मोजल्या. रहिवाशांनी मध्येच दोन बांधून घेतल्या होत्या आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. इमारत जागेवर होती, अंगण खाली गेलं होतं, आणि भिंतीतून बाहेर पडणारी प्रत्येक वाहिनी नेमकी भिंतीपाशी मोडली होती.

पाइल खडकापर्यंत नसतील तर मामला आणखी वेगळा. सॅन फ्रान्सिस्कोतला मिलेनियम टॉवर 58 मजल्यांचा, 2009 मध्ये पुरा झालेला, अतिशय महागडा. त्याच्या पाइल खडकापर्यंत न नेता वरच्या घट्ट वाळूत थांबवल्या होत्या. 2016 मध्ये हे जाहीर झालं की इमारत सुमारे 40 सेंटिमीटर खचली आहे आणि एका बाजूला कललीही आहे. पुढे दोन बाजूंना खडकापर्यंत जाणाऱ्या 18 नव्या पाइल घालून तिला सावरावं लागलं, ते काम 2023 मध्ये संपलं. म्हणून विक्री कार्यालयात पहिला प्रश्न हा विचारा: पाइल कशात संपतात? ‘खूप खोल आहेत’ हे उत्तर चालणार नाही. दुसरा प्रश्न, पोडियम (टॉवरांच्या पायथ्याचा सामाईक पसरट भाग) आणि आतला रस्ता कशावर उभा आहे?

आता पातळी. पाण्याकाठच्या प्रकल्पात सगळ्यात महत्त्वाचा आकडा जोत्याच्या पातळीचा, आणि माहितीपत्रकात नेमका तोच नसतो. विक्रेते सांगतात, ‘शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या वर बांधलंय.’ ऐकायला निर्धास्त वाटतं. गणित करून बघा. दर वर्षी एक टक्का शक्यता असेल तर 30 वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता 26 टक्के होते, 60 वर्षांत 45 टक्के. म्हणजे ती पातळी गाठली म्हणून निर्धास्त होता येत नाही, तिच्या वर किती मोकळं अंतर ठेवलंय ते विचारायचं. त्यात ही टक्केवारी जुन्या नोंदींवरून काढलेली असते. समुद्राची सरासरी पातळी 1901 ते 2018 या काळात सुमारे 20 सेंटिमीटर वाढली, आणि 2006 नंतरच्या काळात वाढीचा वेग वर्षाला 3.7 मिलिमीटरपर्यंत गेला. हे हवामान बदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या सहाव्या अहवालातले आकडे आहेत. तुमची जागा खाडीवर आहे, तेव्हा भरती, वादळी उधाण आणि वरून येणारं पावसाचं पाणी असे तिन्ही पाहुणे एकाच दिवशी येऊ शकतात.

हे नीट कसं करतात ते बघायचं असेल तर हॅम्बुर्गची हाफेनसिटी बघावी. 1962च्या फेब्रुवारीत वादळी उधाणाने त्या शहरात 315 माणसं गेली होती. पुढे जुन्या बंदराच्या सुमारे 157 हेक्टर जागेवर नवी वस्ती वसवताना त्यांनी भोवती बांध घातला नाही. बांध घातला असता तर पाणी दिसलंच नसतं, मग पाण्याकाठी राहायचं कशाला? त्यांनी घरं आणि रस्ते समुद्रपातळीपासून आठ-नऊ मीटर उंच जोत्यावर नेले आणि जुने धक्के, फिरायच्या वाटा खालीच ठेवल्या. उधाण आलं की काठ बुडू द्यायचा. जोत्याच्या पोटात पार्किंग, त्याला पूररोधक दारं. आणि उंचीतला हा फरकच तिथलं सौंदर्य झालाय. खाली धक्क्यावर चालणारा आणि वर घरात बसलेला एकमेकांच्या डोळ्यांत येत नाहीत, पायऱ्यांवर माणसं बसतात, पाणी दोघांचंही राहतं. पाण्याकाठचं चांगलं डिझाइन मला विचाराल तर ते आधी उभ्या छेदाच्या नकाशात दिसतं, दर्शनी चित्रात नंतर.

तळघराबद्दल थोडं जास्त बोलणार आहे, कारण इथे माझा जीव अडकतो. पाण्याखाली एक मीटर गेलात की तळावर दर चौरस मीटरला एक टन उचल लागते. तळघर भूजलाच्या सहा मीटर खाली असेल तर सहा टन. काँक्रीट घनमीटरला सुमारे अडीच टन भरतं, म्हणजे नुसत्या वजनाने ही उचल दाबायला जवळपास अडीच मीटर जाडीचं काँक्रीट हवं. ज्या भागावर टॉवर आहे तिथे मजल्यांचं वजन हे काम करतं. पण ज्या भागावर फक्त बाग आणि पोहण्याचा तलाव आहे, तो भाग रिकाम्या होडीसारखा वर यायला बघतो. त्याला खाली धरून ठेवणाऱ्या पाइल लागतात. टॉवर जिथे संपतो आणि बाग जिथे सुरू होते त्या सांध्यावर एक भाग खाली रेटतो आणि दुसरा वर उचलतो. तळघरातली पहिली ओल मला बहुतेक वेळा याच सांध्यावर सापडलेली आहे. मोठा पाऊस होऊन गेल्यावर तळघरात जाऊन या सांध्याच्या रेषेने चाला. भिंतीवर पांढरी क्षाराची रांगोळी दिसली, नवा रंग फक्त तेवढ्याच पट्ट्यात दिसला, की समजा.

तिथेच मान वळवून विजेचं पॅनेल, जनरेटर आणि पंप कुठे आहेत तेही बघा. एका प्रकल्पात पाणी उपसायचे पंप ज्या पॅनेलवर चालत होते ते पॅनेलच तळघराच्या सर्वांत खालच्या मजल्यावर होतं. पाणी आलं, पॅनेल बुडालं, पंप बंद. घरं कोरडी, पण लिफ्ट नाही, पाणी नाही, आणि विसाव्या मजल्यावरचे म्हातारे लोक अकरा दिवस घरात अडकले. 2012 च्या सँडी वादळानंतर न्यूयॉर्कमधल्या अनेक इमारतींनी हाच धडा घेतला. ईस्ट नदीच्या काठावरच्या अमेरिकन कॉपर या जोड-टॉवरांमध्ये आणीबाणीचे जनरेटर वरच्या मजल्यावर नेले, जिथे एरवी सर्वांत महागडा फ्लॅट विकता आला असता. विकसक किती गंभीर आहे हे मी अशा ठिकाणी ओळखते: पैसा मिळवून देणारी जागा त्याने यंत्रांना दिली का?

तलावाच्या मजल्याचा विषय निघाला की सर्फसाइड गावातल्या दुर्घटनेचा उल्लेख टाळता येत नाही. फ्लोरिडातली चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही समुद्रकाठची 12 मजली इमारत, 1981 सालची, 24 जून 2021 च्या पहाटे अर्धीअधिक कोसळली आणि 98 माणसं गेली. 2018 मधल्या तपासणी अहवालात लिहिलेलं होतं की तलावाच्या बाजूच्या स्लॅबला उतारच नाही, पाणी साचून राहतं, वॉटरप्रूफिंग संपलंय आणि खालच्या काँक्रीटचं मोठं नुकसान झालंय. मूळ डिझाइनही कमजोर होतं, हे सरकारी तपासात पुढे आलं. पण अहवालानंतरची जवळपास तीन वर्षं गेली ती खर्च कोणी आणि किती भरायचा या वादात. पुढे 2022 मध्ये फ्लोरिडाने कायदा करून तीन किंवा जास्त मजल्यांच्या अशा इमारतींची ठरावीक वयानंतर तपासणी आणि दुरुस्तीसाठीचा राखीव निधी सक्तीचा केला. तोवर रहिवासी बहुमताने ‘यंदा निधी नको’ असं ठरवू शकत होते, आणि ठरवतही होते. सक्ती आल्यावर जुन्या इमारतींतल्या मालकांना एकदम मोठ्या रकमा भरायची वेळ आली आणि त्या फ्लॅटांचे भाव नव्यांच्या तुलनेत घसरले. दृश्य तेच होतं, समुद्रही तोच. भाव पडला तो न साठवलेल्या निधीपायी.

म्हणून नव्या प्रकल्पात मेंटेनन्सचा आकडा फार कमी सांगितला तर मी खूश होत नाही, उलट सावध होते. पहिली दोन-तीन वर्षं विकसक पदरचे घालून तो कमी ठेवतो, विक्री संपली की तो वर जातो. तुम्ही विचारायचं की दर महिन्याच्या रकमेतला किती भाग राखीव निधीत जातो आणि तो कशाच्या आधारावर ठरवलाय. पाण्याकाठच्या इमारतीचं बाहेरचं अंग आतल्या वस्तीतल्या इमारतीपेक्षा बरंच आधी दुरुस्तीला येतं, हे धरून आकडा काढलेला असायला हवा.

ते लवकर का येतं? खाऱ्या वाऱ्यामुळे. चांगल्या काँक्रीटमध्ये सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. मिठातलं क्लोराइड हळूहळू आत झिरपून हा थर फोडतं, सळई गंजते, गंज मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट उडवून लावतो. युरोपीय मानकांत समुद्रालगतच्या काँक्रीटचे तीन वर्ग आहेत: फक्त खारी हवा लागणारं, कायम पाण्याखाली असणारं, आणि भरती-ओहोटी व तुषारांच्या पट्ट्यातलं. सर्वांत वाईट हाल तिसऱ्याचे होतात. कायम बुडालेल्याला प्राणवायू कमी मिळतो, पण ओलं-कोरडं-ओलं होत राहणाऱ्यात मीठ साठत जातं. तुमच्या प्रकल्पात धक्क्याची भिंत आणि तिच्यावर टेकलेला फिरायचा मार्ग या वर्गात येतात. त्यांची मालकी कोणाची आहे हे आत्ताच लेखी मागा. नगरपालिकेची असेल तर बरं. तीन टॉवरांतल्या रहिवाशांची असेल तर तुम्ही घराबरोबर एक बंदराची भिंतही विकत घेताय.

सळईवरच्या काँक्रीटच्या थराला आमच्यात कव्हर म्हणतात. क्लोराइड आत शिरण्याची खोली ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे कव्हर दीडपट केलं, 30 ऐवजी 45 मिलिमीटर, तर मीठ सळईपर्यंत पोचायला सव्वादोन पट वेळ लागतो. पंधरा मिलिमीटर काँक्रीट ही या व्यवहारातली सर्वांत स्वस्त गोष्ट आहे, आणि ती वाचवलेली मी अनेकदा पाहिली आहे. ती वाचते सहसा गॅलरीच्या कडेला, कारण कड बारीक दिसली पाहिजे असा वास्तुविशारदाचा हट्ट असतो. (आमचं त्यांच्याशी वाजतं ते बहुतेक इथेच.)

कठड्याचं पोलादही असंच. स्टेनलेस म्हणजे गंजत नाही, हा समज किनाऱ्यावर पहिल्या दोन वर्षांत पुसला जातो. 304 या प्रतीत मॉलिब्डेनम नसतं, 316 मध्ये ते 2 ते 3 टक्के असतं आणि खाऱ्या हवेत फरक तेवढ्यानेच पडतो. नमुना फ्लॅटच्या कठड्यावर, विशेषतः खालच्या बाजूला आणि वेल्डिंगपाशी, चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग दिसले तर विक्रेत्याला प्रत विचारा. गंमत अशी की पावसाने धुतला जाणारा कठडा टिकतो आणि छताखाली सुरक्षित राहिलेला आधी गंजतो, कारण त्याच्यावरचं मीठ कोणी धूतच नाही. ज्यांना कापडाने महिन्यातून एकदा कठडा पुसायचा कंटाळा आहे त्यांनी पाण्याकाठी राहू नये असं मी अर्ध्या गमतीत सांगते.

पावसाबद्दल एकच उदाहरण देते, कारण ते पुरेसं आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर आणि परिसरात, 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हजारो नवे फ्लॅट भिंतींतून गळू लागले. वाऱ्याने आडवा येणारा पाऊस, छज्जे नाहीत, आणि बाहेरचा गिलावाच पाणी अडवेल या भरवशावर बांधलेल्या भिंती. एक भेग पडली की पाणी आत शिरायचं, आणि शिरलेल्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. प्रकरण इतकं चिघळलं की 1998 मध्ये प्रांताचे माजी मुख्यमंत्री डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्यातून रुळलेला उपाय साधा आहे: बाहेरच्या आवरणामागे पोकळी ठेवायची, आत आलेलं पाणी तिथून खाली निथळून बाहेर जाईल. तुमच्या इमारतीच्या भिंतीच्या छेदात अशी पोकळी आहे का, हे एका चित्रात दिसतं. मागा ते चित्र.

वाऱ्याचं असं आहे की वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. 14व्या मजल्यावर, समोर अडवायला काही नसताना, गॅलरीत खुर्ची ठेवून वर्षातले किती दिवस बसता येईल? माझा अनुभव असा की उंचावरच्या पाण्याकडच्या गॅलऱ्यांत पाच वर्षांनी सामान आणि कपडे वाळत घालायची दांडी दिसते. एका गोष्टीबद्दल मात्र मी स्वीडनमधल्या मालमो शहराचं फार कौतुक करते. तिथे 2001 च्या गृहप्रदर्शनासाठी जुन्या पश्चिम बंदरावर जी वस्ती बांधली, तिच्यात पाण्याकडची रांग उंच ठेवून मागची घरं ठेंगणी केली आणि मधल्या गल्ल्या मुद्दाम वाकड्या घेतल्या. पुढची रांग वारा अंगावर घेते आणि आतल्या चौकात माणसं निवांत बसतात. पाण्यापासून शंभर पावलं आत असलेलं घर तिथे दुय्यम वाटत नाही. तीन टॉवर सुटे उभे करून मध्ये हिरवळ टाकली की नेमकं उलट होतं: वारा टॉवरला धडकून खाली उतरतो आणि त्या हिरवळीवर कोणी थांबत नाही.

आता वर जाऊ, तुमच्या 14व्या मजल्यावर. इथे एक गणित आहे जे विक्रेता कधीच करून दाखवणार नाही, कारण तो तुम्हाला कठड्यापाशी उभं करतो. आपण घरात राहतो ते बसून. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण 1.15 मीटरवर असतो. सोफा गॅलरीच्या कडेपासून चार मीटर आत आहे असं धरा. कठडा पूर्ण काचेचा असला तरी गॅलरीच्या स्लॅबची कड खालची नजर कापते. 14व्या मजल्यावर डोळा पाण्यापासून सुमारे 45 मीटर उंच. त्या कोनातून दिसणारी सर्वांत जवळची जागा सुमारे 156 मीटरवर येते. तुमच्या इमारतीपासून पाणी 25 मीटरवर सुरू होतं आणि 205 मीटरवर पलीकडचा काठ. म्हणजे सोफ्यावरून तुम्हाला खाडीचा फक्त पलीकडचा 50 मीटरचा पट्टा दिसेल, बाकी सगळं समोरचा काठ आणि आकाश. कठडा भरीव असेल तर पाणी दिसणारच नाही.

हेच पाचव्या मजल्यावर करा. डोळा सुमारे 17 मीटर उंच, जवळची जागा 60 मीटरवर, आणि तिथपासून पलीकडच्या काठापर्यंत जवळपास 145 मीटर पाणी समोर. डोळ्यात मावणाऱ्या कोनाच्या हिशेबात पाचव्या मजल्यावरून 14व्याच्या तिप्पट पाणी दिसतं. मोकळ्या समुद्रासमोर हा हिशेब लागू नाही, तिथे पाणी क्षितिजापर्यंत असतं आणि उंचीचा फायदाच होतो. पण अरुंद पाण्यासमोर उंची म्हणजे शहराचं दृश्य, पाण्याचं नव्हे. उंचीसाठी मजल्यागणिक भाव वाढवून मागणारा आणि पाण्यासाठी वेगळा अधिभार लावणारा विकसक तुम्हाला दोन परस्परविरोधी गोष्टी एकदम विकतोय.

काचेबद्दल दोन शब्द. सूर्य डोक्यावर असताना शांत पाणी त्याचा जेमतेम दोन-तीन टक्के प्रकाश परतवतं, पण तो क्षितिजापासून पाच अंशांवर उतरला की निम्म्याहून जास्त. तुमचं तोंड पश्चिमेला असेल तर संध्याकाळी ऊन दोनदा येईल, एकदा आकाशातून आणि एकदा खालून. खालून येणारं ऊन वरच्या छज्ज्याने अडत नाही, त्याला उभ्या, सरकत्या झडपा लागतात. मग पूर्ण काचेची भिंत घेऊन दिवसभर पडदे ओढून बसायचं का, हे ठरवा. काचेचा दुसरा त्रास नजरेचा. लंडनमध्ये टेम्सच्या दक्षिण काठाजवळच्या निओ बँकसाइड या काचेच्या फ्लॅटांसमोर टेट मॉडर्न संग्रहालयाने 2016 मध्ये प्रेक्षक सज्जा उघडला आणि लोक सरळ घरात डोकावू लागले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये निकाल रहिवाशांच्या बाजूने लागला, तोही तीन विरुद्ध दोन अशा मतांनी. सार्वजनिक काठ म्हटला की प्रेक्षक आलेच. ते चांगलंच आहे, पण खालच्या चार मजल्यांना अर्धी भिंत हवी.

दृश्य टिकेल का? इंग्लंडच्या कायद्यात 1610 सालच्या एका निकालापासून हे ठरून गेलंय की उजेडावर हक्क सांगता येतो, दृश्यावर नाही. बहुतेक ठिकाणी साधारण हीच परिस्थिती आहे. व्हँकुव्हरने 1989 मध्ये डोंगर दिसत राहावेत म्हणून ठरावीक दृश्यरेषा राखून ठेवल्या, पण त्या सार्वजनिक जागांवरून दिसणाऱ्या दृश्यासाठी, कोणाच्या दिवाणखान्यासाठी नव्हेत. माझ्या पाहण्यात दृश्य अडवणारा सहसा परका नसतो, त्याच विकसकाचा पुढचा टप्पा असतो. नकाशावर जिथे ‘भावी विकास’ किंवा नुसता हिरवा रंग दिसेल तिथे बोट ठेवून विचारा.

किमतीकडे वळते. अमेरिकेतल्या बेलिंगहॅम शहरातल्या घरांच्या विक्रीवर 1998 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आम्ही लोक अजून वापरतो. स्वतंत्र घरांचा तो अभ्यास होता. पूर्ण, अडथळा नसलेलं समुद्रदृश्य असेल तर किंमत सुमारे 60 टक्क्यांनी जास्त, आणि कोपऱ्यातून अर्धवट दिसत असेल तर 8 टक्के. हे आकडे तुमच्या शहराला जसेच्या तसे लावू नका, पण दोन टोकांमधली दरी लक्षात घ्या. दृश्याचा भाव सरळ रेषेत उतरत नाही, तो कोसळतो. उलट्या बाजूला, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात समुद्रपातळीच्या वाढीचा धोका असलेली घरं पाण्यापासून तेवढ्याच अंतरावरच्या, पण धोका नसलेल्या घरांपेक्षा सुमारे 7 टक्क्यांनी स्वस्त विकली गेलेली दिसली. म्हणजे जोत्याची पातळी बाजाराला कळायला लागली आहे. तुम्ही विकाल तेव्हा ती आणखी चांगली कळत असेल.

आणि शेजार. मेलबर्नच्या डॉकलंड्सचं काम 2000 च्या सुमारास सुरू झालं, तिथली पहिली सरकारी प्राथमिक शाळा उघडली 2021 मध्ये. दोन दशकं पाणी होतं, टॉवर होते, शाळा नव्हती, आणि वस्ती ओकीबोकी असल्याची टीका सतत होत राहिली. लंडनच्या कॅनरी व्हार्फचा विकसक 1992 मध्ये दिवाळखोरीत गेला, त्या भागाला खरा जोर आला तो 1999 मध्ये ज्युबिली मार्गाची भुयारी रेल्वे पोचल्यावर. तुमच्या प्रकल्पाजवळ रेल्वे किंवा बस आज आहे, की फलकावर आहे?

तर 28 टक्के. मेंटेनन्स क्षेत्रफळावर असतो, म्हणजे खारा वारा, धक्क्याची भिंत आणि तळघराचे पंप यांचा खर्च मागचा फ्लॅटही तेवढाच भरणार, पाण्याचं तोंड न पाहता. त्यामुळे मागचा फ्लॅट मी या प्रकल्पात घेणार नाही. तेवढ्या पैशात पाण्यापासून पाचशे मीटर आत चांगलं घर घेईन आणि संध्याकाळी चालत काठावर जाईन. 14व्या मजल्यावरच्या पुढच्या फ्लॅटचे 28 टक्के पूर्ण दृश्याचे आहेत आणि सोफ्यावरून मिळणारं दृश्य पन्नास मीटरच्या पट्टीचं, तेव्हा तोही नाही. पाचव्या किंवा सहाव्या मजल्यावर, पुढच्या तोंडाचा, शक्यतो कोपऱ्यातला फ्लॅट शिल्लक आहे का बघा. मजल्याचा अधिभार कमी, लिफ्ट बंद पडली तर जिना चढता येतो, आणि पाणी भरपूर. त्याला मागच्या फ्लॅटपेक्षा पंधरा-अठरा टक्के जास्त द्यायला मी तयार होईन.

पण तुम्ही पाठवलेला नकाशा मी दोनदा बघितला. त्यात तलाव आहे, जॉगिंगची वाट आहे, झाडांची नावंसुद्धा आहेत. जोत्याची पातळी कुठेच लिहिलेली नाही. ती, पाइलचा अहवाल आणि धक्क्याच्या भिंतीच्या मालकीचा कागद हातात येईपर्यंत बयाणा देऊ नका.